बिघाड संचात नसतो तेव्हा

नगर जिल्ह्यात हौशी रेडिओचा संच बिघडला की तो दाखवायचा कुणाला, इथूनच अडचण सुरू होते. टीव्ही-मोबाइल दुरुस्त करणारे गल्लोगल्ली आहेत, पण दोन रिसीव्हरचा हॅम संच उघडून त्यात विश्वासाने हात घालणारा माणूस पुण्या-मुंबईतही शोधावा लागतो. शेवटी संच खोक्यात भरून कुरिअरने कुठेतरी लांब जातो, बरेच दिवस तिकडेच राहतो आणि पुष्कळदा ‘दोष आढळला नाही’ अशी चिठ्ठी घेऊन परत येतो. चिठ्ठी खरी असते. बोललेले पोचत नाही, समोरचे ऐकू येत नाही, या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा पेटीच्या बाहेर सापडते किंवा मेनूतल्या एखाद्या ओळीत. आणि संचाला दोन रिसीव्हर असतील तर ते शोधण्याचे अर्धे साधन मालकाच्या हातात आधीच असते, कारण एका बाजूचा दोष दुसरी बाजू उघड करू शकते.

हौशी रेडिओ, ज्याला हॅम रेडिओही म्हणतात, म्हणजे परवानाधारक व्यक्तीने धंद्यासाठी नव्हे तर शिकण्यासाठी, प्रयोगासाठी आणि संकटात मदतीसाठी चालवलेले बिनतारी केंद्र. भारतात त्यासाठी १९७८ मध्ये नियम करण्यात आले. दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते, मग व्हीयू-२ किंवा व्हीयू-३ ने सुरू होणारा कॉलसाइन मिळतो. हा छंद नुसता छंद राहत नाही, हे महाराष्ट्राने १९९३ च्या किल्लारी भूकंपात पाहिले आणि २००१ मध्ये भूजने. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांचे पथक पोर्ट ब्लेअरहून जगभरच्या हॅमना अंदमानशी संपर्काची दुर्मीळ संधी देत होते. २६ तारखेला त्सुनामी आली आणि तेच संच, तेच अँटेना क्षणात निरोपांच्या कामाला लागले. अशा वेळी ‘आवाज का जात नाही’ म्हणून मेनू चाळत बसायला कुणाला सवड नसते. म्हणून ही शोधाशोध घरी, शांतपणे, आधीच करून ठेवायची.

पहिली गोष्ट अगदी मुळाची. पडद्यावर दोन फ्रिक्वेन्सी दिसतात म्हणून संचात दोन रिसीव्हर आहेत असे होत नाही. बाओफेंग यूव्ही-५आर सारख्या स्वस्त हँडसेटवर वर-खाली दोन ओळी असतात, पण आत रिसीव्हर एकच. तो दोन्हीकडे आळीपाळीने डोकावतो आणि जिथे आवाज सापडेल तिथे थांबतो. याला ड्युअल वॉच म्हणतात. एका ओळीवर संभाषण चालू असताना दुसरीवरची हाक सरळ निसटते आणि मालक म्हणतो, ‘रिसीव्हर अधूनमधून बंद पडतो.’ खरा ड्युअल रिसीव्हर दोन्ही फ्रिक्वेन्सी एकाच वेळी ऐकतो, दोन्हींचे आवाज एकत्र येतात. आणि त्याच्याही पुढची पायरी म्हणजे एका बँडवर बोलत असताना दुसऱ्या बँडवर ऐकू येणे, म्हणजे फुल डुप्लेक्स. केनवूडचे टीएम-व्ही७१, टीएम-डी७१० आणि आयकॉमचा आयसी-९७०० हे करतात. दोन रिसीव्हर असलेले कितीतरी संच मात्र पीटीटी (बोलायचे बटण) दाबताच दोन्ही बाजू गप्प करतात, आणि एचएफच्या (लांब पल्ल्याच्या बँडच्या) संचांत तर हीच रीत आहे. तेव्हा ‘बोलताना दुसरी बाजू ऐकू येत नाही’ ही तक्रार करण्याआधी आपला संच या तीन प्रकारांतला कोणता, ते पुस्तिकेत पाहावे.

यानंतरचा सगळ्यात मोठा गोंधळ मेन आणि सब या संचाच्या दोन बाजूंचा. संच दोन्हीकडे ऐकतो, पण बोलतो एकाच बाजूने. टीएम-डी७१० वर तर दोन वेगळी चिन्हे आहेत: पीटीटी आणि कंट्रोल. कंट्रोल ज्या बाजूला, तिची फ्रिक्वेन्सी नॉब फिरवून बदलते. पीटीटी ज्या बाजूला, तिथून आवाज जातो. ही दोन चिन्हे वेगवेगळ्या बाजूंना असू शकतात. मग होते असे की माणूस डावीकडे नवी फ्रिक्वेन्सी लावतो, डावीकडे सिग्नल ऐकतो, उत्तर देतो, आणि त्याचे उत्तर उजवीकडच्या फ्रिक्वेन्सीवर निघून जाते. समोरचा हाका मारत राहतो. इथे तपासणी एका मिनिटाची आहे. शेजारी दुसरा छोटा हँडसेट त्याच फ्रिक्वेन्सीवर ठेवायचा, सगळ्यात कमी शक्तीवर पीटीटी दाबून आपला कॉलसाइन सांगायचा आणि पडद्यावर कोणत्या बाजूचा मीटर हलला ते बघायचे. हँडसेट शांत आणि मीटर दुसऱ्याच बाजूचा हलला, तर ट्रान्समीटर ठणठणीत आहे, फक्त चुकीच्या दारातून बाहेर पडतोय.

रिपीटरवर, म्हणजे आपला आवाज झेलून दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवरून पुढे पाठवणाऱ्या केंद्रावर, बोलताना शिफ्ट (या दोन फ्रिक्वेन्सींतले अंतर) आणि टोन (आवाजाबरोबर जाणारा ओळखीचा सूर) या दोन गोष्टी नेहमी छळतात. १४४-१४६ मेगाहर्ट्झच्या बँडमध्ये शिफ्ट सहसा ६०० किलोहर्ट्झची असते. ती उलट दिशेला लागली तर रिपीटर ऐकू येईल पण उघडणार नाही. टोनची गंमत अशी की तो दोन तऱ्हांनी लावता येतो. एकात तो फक्त आपल्या आवाजाबरोबर जातो, दुसऱ्यात येणाऱ्या आवाजातही तोच टोन असल्याशिवाय स्पीकर उघडत नाही. काही रिपीटर खाली येणाऱ्या आवाजात टोन पाठवतच नाहीत. तिथे दुसरी तऱ्हा लावली की मीटर पूर्ण भरतो आणि स्पीकरमधून चकार शब्द निघत नाही. मीटर भरलेला आणि आवाज शून्य, हे चित्र दिसले की आधी टोन पाहावा, नंतर आवाजाची खुंटी, आणि मगच स्पीकरवर संशय घ्यावा.

ऐकण्याच्या तक्रारींत एक फारच साधी गोष्ट भल्याभल्यांना चकवते. दोन रिसीव्हरचे एचएफ संच हेडफोनच्या एका कानात मेन आणि दुसऱ्यात सब देतात. त्या स्टिरिओ जॅकमध्ये जुनी मोनो पिन घातली की तिची धातूची बाजू एका वाहिनीला सरळ जमिनीशी जोडते आणि एक रिसीव्हर पूर्ण मुका होतो. संच उघडला, तपासला, काहीच सापडले नाही, पिन बदलली आणि सब जिवंत झाला, असे घडलेले मी पाहिले आहे. याच्या जोडीला सबचा स्वतंत्र आरएफ गेन उलटा फिरलेला असणे, अटेन्युएटर चालू राहणे, किंवा ऐकण्यासाठी वेगळ्या अँटेनाचा सॉकेट निवडलेला असून त्यात काहीच न जोडलेले असणे, हीही कारणे निघतात. दोन्ही बाजू एकाच फ्रिक्वेन्सीवर, एकाच मोडमध्ये, एकाच अँटेनावर लावाव्यात आणि मीटर शेजारीशेजारी वाचावेत. थोडा फरक चालतो. एक बाजू भरलेली आणि दुसरी जवळजवळ रिकामी असेल तर दोष त्या रिकाम्या बाजूच्या वाटेत आहे, आणि अँटेना, केबल, वीज ही मंडळी एका झटक्यात निर्दोष ठरतात. दोन रिसीव्हरचा खरा उपयोग मला इथेच वाटतो.

नगरजवळच्या चांदबीबी महालाच्या बाजूचा पाथर्डी रस्त्यालगतचा माळ हा व्हीएचएफसाठी, म्हणजे १४४ मेगाहर्ट्झसारख्या बँडसाठी, उत्तम. क्षितिज मोकळे, शहराचा गोंगाट खाली. तिथे एका संध्याकाळी आम्ही आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या रिपीटरवर बोलायला गेलो होतो. स्थानकातल्या कोलंबस प्रयोगशाळेत सप्टेंबर २०२० पासून टीएम-डी७१०जीए जातीचा खास बनवलेला संच आहे. जमिनीवरून १४५.९९० मेगाहर्ट्झवर ६७ हर्ट्झचा टोन लावून बोलायचे आणि ४३७.८०० वर ऐकायचे. स्थानक येताना वेगामुळे ही ऐकायची फ्रिक्वेन्सी सुमारे १० किलोहर्ट्झ वर असते आणि जाताना तितकीच खाली, म्हणून ४३७.८१० वरून सुरुवात करून पायरी-पायरीने ४३७.७९० पर्यंत यायचे. डोक्यावरून जाणारी फेरीसुद्धा १० मिनिटांच्या आसपास संपते.

गाडीतला संच दोन बँडचा, खऱ्या दोन रिसीव्हरचा आणि फुल डुप्लेक्स होता. दुसऱ्यांचे आवाज स्वच्छ येत होते. पण पीटीटी दाबले की ४३७ ची बाजू एकदम गप्प व्हायची. सोडले की पुन्हा लख्ख. आपला आवाज वर जाऊन खाली येतोय की नाही, हेच कळेना. गाडीतल्या प्रत्येकाचे मत वेगळे पडले: कुणी म्हणे सब बिघडला, कुणी म्हणे संच मुद्दाम म्यूट करतोय.

उलगडा गुणाकारात होता. १४५.९९० ला तिनाने गुणले की ४३७.९७० येतात. कोणताही ट्रान्समीटर आपल्या मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट-तिप्पट ठिकाणी थोडी ऊर्जा सांडतोच. नियमाप्रमाणे ती अत्यल्प असते, पण त्याच पेटीतल्या, त्याच सॉकेटवरच्या रिसीव्हरच्या मानाने ती प्रचंड ठरते. आणि ऐकायची ४३७.८०० त्या जागेपासून फक्त १७० किलोहर्ट्झवर आहे. स्थानक निघून गेल्यावर आम्ही सबची बाजू ४३७.९७० वर लावली, अँटेनाच्या जागी डमी लोड (शक्ती जिरवणारा रोध) जोडला आणि सगळ्यात कमी शक्तीवर पीटीटी दाबले. सबचा मीटर थेट शेवटच्या रेघेला टेकला. संच बिघडलेला नव्हता. त्याचा एक भाग दुसऱ्याला बहिरा करत होता.

उपाय सरळ आहे. शक्ती कमी करावी. अवकाश स्थानकासाठी ५० वॅटची गरज नाही, हातात धरायच्या छोट्या यागी अँटेनाला पाच वॅटचा हँडसेट पुरतो. त्याहून चांगले म्हणजे बोलायला एक संच आणि ऐकायला दुसरा, दोघांचे अँटेना वेगळे आणि एकमेकांपासून दूर. बोलणाऱ्याच्या वाटेत १४५ पलीकडचे सारे अडवणारा लो-पास फिल्टर आणि ऐकणाऱ्याच्या वाटेत १४५ अडवणारा हाय-पास, असे दोन्ही घातले तर चिंताच मिटते. एकच सॉकेट असलेल्या संचात बाहेरच्या फिल्टरला मर्यादा येते, कारण गळती आतच होते. आयसी-९७०० ला प्रत्येक बँडचा वेगळा सॉकेट आहे, तिथे फिल्टर चोख काम करतो. जमिनीवरच्या रोजच्या वापरातही हा गुणाकार लक्षात ठेवावा: १४५.५०० वर बोलताना ४३६.५०० च्या आसपास दुसरी बाजू लावली असेल तर ती दबणारच.

केबलचा विषय वेगळाच, आणि या जिल्ह्यात त्याला दोन तोंडे आहेत. नगर शहर, पारनेर, पाथर्डीकडे पाऊस बेताचा, धूळ भरपूर. अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या वर गेले की चित्र पालटते. घाटघरला तर जिल्ह्याचे चेरापुंजीच म्हणतात. कळसूबाईवरून, १६४६ मीटर उंचीवरून, मुंबई, पुणे आणि नगर ही तिन्ही शहरे सरळ रेषेत साधारण १०५ ते १२५ किलोमीटरवर येतात, म्हणून त्या भागात अँटेना उभारायचा मोह हॅमना होतोच. पावसाळा उलटला की कनेक्टरमधून शिरलेले पाणी कोॲक्सच्या जाळीतून आत झिरपत गेलेले असते.

इथे मीटर फसवतो. पाणी प्यालेल्या किंवा मुळातच बारीक केबलचा एसडब्ल्यूआर (परतणाऱ्या ऊर्जेचे माप) सुंदर दिसतो, कारण अँटेनाकडून परतणारी ऊर्जा केबल वाटेतच गिळते. हिशेब करून पाहा. २० मीटर आरजी-५८ केबल ४३५ मेगाहर्ट्झवर साधारण सात डेसिबल खाते, म्हणजे संचातून निघालेल्या शक्तीचा पाचवा हिस्साच अँटेनाला पोचतो. आता वरचा अँटेना काढून टाकला तरी जायला सात आणि यायला सात असे १४ डेसिबल खर्च होऊन खालचा मीटर १.५ दाखवील. अँटेना नाही आणि एसडब्ल्यूआर १.५! म्हणून मीटर फार छान दिसत असेल आणि तरी कुणी ऐकत नसेल, तर केबलचे वरचे टोक सोडवून, सर्वांत कमी शक्तीवर, क्षणभरच पुन्हा मोजावे. काटा उसळला तर केबल ठीक. जागचा हलला नाही तर केबल बदलावी. संचाला हात लावू नये. दुरुस्ती करताना जोडावर आपोआप चिकटून एकजीव होणारी रबरी टेप गुंडाळावी आणि घरात शिरण्याआधी केबलला खाली एक वळसा द्यावा, म्हणजे पाणी तिथेच ठिबकून जाते.

वीज हे जिल्ह्यातले दुसरे दुखणे. १०० वॅटचा एचएफ संच ऐकताना एक-दीड अँपिअर घेतो आणि बोलताना वीसच्या घरात. त्याला १३.८ व्होल्ट हवे असतात आणि साधारण ११.७ पर्यंत तो तग धरतो. बॅटरी १२.३ वर आलेली, तारा बारीक, फ्यूजच्या घरात गंज. या साऱ्यांचा रोध मिळून ०.०५ ओहम जरी झाला तरी २० अँपिअरला एक व्होल्ट तिथेच पडतो. ऐकणे मग निर्दोष असते, बोलायला लागले की पडदा मंदावतो, आवाज फाटतो, कधी संच बंदच पडतो. बॅटरीवर मोजून काही कळत नाही. मोजायचे ते संचाच्या पाठीमागे, आणि डमी लोडवर बोलत असताना. बोलताना आणि न बोलताना यांतला फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर बरे.

शेतावरचा गोंगाट हा अलीकडचा पाहुणा आहे. सौर पंपाचे कंट्रोलर, इन्व्हर्टर, स्वस्त एलईडी दिवे यांच्यातून निघणारी खरखर ४० मीटरच्या बँडवर दबा धरून बसते आणि हॅमला वाटते रिसीव्हर बहिरा झाला. घराचा मेन स्विच बंद करून संच बॅटरीवर चालवावा. खरखर गेली तर चोर घरातला. राहिली तर एएमचा छोटा ट्रान्झिस्टर घेऊन बांधाबांधाने फिरावे, उगमाजवळ तो ओरडायला लागतो. दोन अँटेना असतील तर मेन एकावर आणि सब दुसऱ्यावर ठेवून दोन्ही कानांनी एकाच वेळी ऐकावे: खरखर एकाच बाजूला जास्त असेल तर तिची दिशा कळते. गाडीतल्या संचाला अल्टरनेटरची शिट्टी लागते, ती इंजिनाच्या वेगाबरोबर चढते-उतरते. वाहनांच्या या विद्युत गोंगाटाची शास्त्रशुद्ध मोजणी करणारी सोय आपल्याच नगरच्या व्हीआरडीई या वाहन संशोधन संस्थेत आहे, म्हणजे हा विषय हौशी मंडळींच्या तक्रारीपुरता नाही, हे नव्या हॅमने लक्षात घ्यावे. संचाची वीज थेट बॅटरीवरून घेणे आणि तारांवर फेराइटची कडी घालणे हे त्या शिट्टीवरचे पहिले औषध.

एचएफवर दुर्मीळ केंद्र बोलायला लागले की ते ‘अप फाइव्ह’ म्हणते, म्हणजे मला पाच किलोहर्ट्झ वर हाका मारा. तेव्हा मेनवर ते केंद्र आणि सबवर हाका मारणाऱ्यांची गर्दी ऐकायची, आणि बोलायचे सबच्या फ्रिक्वेन्सीवरून. बोलण्याचा लाल दिवा कोणत्या व्हीएफओवर (फ्रिक्वेन्सीच्या नियंत्रणावर) आहे ते हाक मारण्याआधी पाहायचे. काम झाल्यावर स्प्लिट (ऐकणे-बोलणे वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर) आणि एक्सआयटी (फक्त बोलण्याची फ्रिक्वेन्सी सरकवणारी सोय) बंद करायचे राहून गेले तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या नेटवर, म्हणजे हॅमच्या ठरल्या वेळेच्या बैठकीत, आपण सगळ्यांना ऐकतो, आपल्याला कुणीच ऐकत नाही. एफटी-८ या संगणकावरून चालणाऱ्या डिजिटल मोडवर मीटर हलतो पण उत्तर येत नाही, अशी तक्रार असेल तर आधी संगणकाचे घड्याळ जुळवावे, सेकंदाहून जास्त फरक चालत नाही. मग आवाज यूएसबीवरून घ्यायचा असताना संच माइककडून घेत नाही ना, ते पाहावे. उलटही घडते: रात्री डेटा मोड लावलेला, सकाळी माइकवर बोलले, पीटीटी लागते आणि रिकामी लहर जाते.

एक इशारा या शहरापुरता. नगर हे लष्कराचे गाव आहे: चिलखती दलाचे केंद्र, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे केंद्र, पलीकडे के. के. रेंजचा सरावाचा मुलूख. अँटेना आणि हँडसेट घेऊन माळावर उभे राहिलेल्या माणसाला कुणी विचारले तर त्यात त्यांचे चूक नाही. परवान्याची प्रत खिशात ठेवावी, लष्करी हद्दीच्या आसपास संच काढूच नये, आणि चाचणीच्या प्रत्येक प्रक्षेपणात कॉलसाइन सांगावा.

हे सगळे करूनही संच खरोखर बिघडलेला निघतो, तेही घडते. पॉवर ट्रान्झिस्टर जळतो, ऐकण्या-बोलण्यात अदलाबदल करणारा रिले चिकटतो, वीज कोसळली तर रिसीव्हरचे पुढचे अंग जाते. तेव्हा संचाबरोबर एक कागद पाठवावा. डमी लोडवर प्रत्येक बँडवर किती वॅट निघाले, बोलताना संचाच्या पाठीमागे किती व्होल्ट होते, मेन आणि सबचे मीटर एकाच सिग्नलवर काय दाखवत होते, दोष गार असताना येतो की तापल्यावर, आणि कोणत्या केबल-अँटेनावर हे पाहिले. सेटिंग आधी मेमरी कार्डावर किंवा कागदावर उतरवून ठेवावीत, कारण दुरुस्तीवाला संच बहुधा रीसेट करूनच परत देतो. माइकही सोबत द्यावा. आठ पिनांच्या माइकची जोडणी कंपनीगणिक वेगळी असते आणि दुरुस्तीच्या टेबलावर दुसराच माइक लावून तपासला, तर तुमच्या माइकमधला दोष तसाच घरी परत येतो.